‘निरंक’ लिहिण्याआधी : किनाऱ्यावरच्या निविदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने देण्यासाठी निविदांचे मसुदे तयार करणारे सर्व अधिकारी
(पर्यटन, महसूल आणि संबंधित महामंडळे)

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यातला निवृत्त तलाठी. ३१ वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं वेंगुर्ले आणि मालवण तालुक्यांतल्या किनाऱ्यालगतच्या सजांमध्ये, म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातल्या गावांच्या गटांमध्ये, गेली. हे पत्र मंत्र्यांना लिहा, असं गावातल्या काहींनी सुचवलं. मी ते तुम्हाला लिहितो आहे. मंत्री प्रकल्प जाहीर करतात, पण जागा किती, कुणाला, किती वर्षं आणि कोणत्या अटींवर जाणार, हे निविदेच्या कागदात ठरतं आणि तो कागद तुमच्या टेबलावर तयार होतो. तुमच्या टेबलावर येण्याआधी तो माझ्यासारख्याच्या टेबलावरून जातो. म्हणून आधी माझ्या टेबलाचं सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी वरून एक पत्र आलं. अमुक सर्व्हे नंबरच्या सरकारी जागेची माहिती तीन दिवसांत विहित नमुन्यात सादर करावी. जुलै महिना होता. कोतवालाला घेऊन मी जागेवर गेलो. पाऊस झोडपत होता, समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. होड्या वर माडांखाली ओढून झावळांनी शाकारून ठेवलेल्या. परत येऊन नमुना भरला. क्षेत्र, आकार, चतुःसीमा. पीक : नाही, पोटखराब (लागवडीला अयोग्य). अतिक्रमण : निरंक. इतर हक्क : निरंक. सही, शिक्का, दिनांक.

सातबाऱ्याशी ताडून पाहिलं तर त्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता. पुढे त्याच माहितीवर निविदा निघाली, बोली लागली, करार झाला आणि ताबापावतीही झाली. नारळी पौर्णिमा होऊन मासेमारी सुरू झाली होती. एके दिवशी सकाळी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, माणसांना चिऱ्यांचे खांब आणि काटेरी तार दिसली. होडी ज्या वाटेने पाण्यात जायची, त्या वाटेवरच तार. त्या दिवशी एक म्हातारी माझ्या कचेरीत आली. भांडायला आली नव्हती. खुर्चीवर बसली आणि विचारलं, “भाऊ, तुमी कागदार काय लिवलास?”

मी सांगितलं, निरंक लिहिलं.

“निरंक म्हंजे?”

म्हणजे तिथे कुणाचं काही नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मगे आमी कोण?”

मला उत्तर देता आलं नाही. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आहे. तुम्ही पुढची निविदा लिहायला घ्याल तेव्हा तो तुमच्याही टेबलावर असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

ज्या जागेला मी निरंक म्हटलं, तिथे काय होतं ते सांगतो. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मोठी कमान करून दुसरं टोक घेऊन किनाऱ्याला परत येते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळं ओढता ओढता त्या एकमेकींकडे सरकत येतात. याला शेकडो फूट मोकळी वाळू लागते. मध्ये एक खांब आला तरी रापण बसत नाही. जाळं वाळवायला जागा लागते, तुटलेलं विणायला सावली लागते, पेडवे-तारले ही मासळी वाळत घालायला उन्हाची जागा लागते. आणि रापणीत जो दोरीला हात लावतो त्याला वाटा मिळतो. ज्यांच्या घरात कमावता पुरुष उरलेला नाही अशा बायका, होडीवर जाण्याचं वय सरलेले म्हातारे, शाळेआधी येणारी पोरं, सगळी त्या दोरीवर जगतात. त्या जागेतून समुद्राकडे जाणारी एक पायवाट होती. गणपती त्याच वाटेने विसर्जनाला जायचे, दहाव्याचे विधी करायलाही लोक त्याच वाटेने जायचे. एका कोपऱ्यात गोड्या पाण्याची डबकी होती, तिथे गुरं पाणी प्यायची.

यातलं काहीही माझ्या नमुन्यात लिहायला रकाना नव्हता. सातबारा शेतीसाठी जन्माला आला. कोण कसतो, काय पिकवतो, सारा किती, हे त्याला कळतं. वाळूवर कोण कधी येऊन काय करतं, हे त्याला कळत नाही. विदर्भात निस्तारपत्रकाची पद्धत आहे. गावाचा पडीक जमिनीवरचा चराईचा, सरपणाचा हक्क त्यात लिहिलेला असतो. आमच्या किनाऱ्यावरच्या एकाही गावात असा कागद मी नोकरीभर पाहिला नाही. म्हणजे कोकणातली वहिवाट पिढ्यान् पिढ्या पाळली गेली, पण लिहिली गेली नाही. आणि निविदेचा सगळा कारभार लिहिलेल्यावर चालतो.

इथे कुणी म्हणेल, हा म्हातारा निविदेच्याच विरोधात आहे. तसं मुळीच नाही. निविदा नसली की काय होतं, हे कोकणाइतकं कुणी भोगलेलं नाही. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीज प्रकल्प आठवा. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला तो स्पर्धात्मक निविदा न काढता, समोरासमोर बसून. विजेचा दर इतका जड गेला की राज्य वीज मंडळाला ती वीज घेणं परवडेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. बंद खोलीत दिलेल्या जमिनीपेक्षा उघडपणे बोली लावून दिलेली जमीन केव्हाही बरी. ई-निविदा आल्यापासून लिफाफा कुणी आधी फोडला, कुणाचा अर्ज गहाळ झाला, असल्या तक्रारी कमी झाल्या, हेही मी पाहिलं आहे.

पण नुसत्या बोलीनेही माणसं नागवली जातात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतीचे, म्हणजे सारावसुलीचे, मक्ते सगळ्यात जास्त बोली करणाऱ्याला जायचे. बोली करणारा ते पैसे रयतेकडून वसूल करायचा. तिजोरीत रक्कम वेळेवर यायची, गावं उजाड व्हायची. कोकणात सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांचा अनुभव वेगळा नव्हता. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. सरकार आणि गाव यांच्यामध्ये ठरावीक रक्कम भरणारा माणूस बसवला, की गावाशी तो कसा वागेल हे कागदातच बांधून घ्यावं लागतं. एवढं तरी त्या इतिहासातून आपण घ्यायला हवं.

कायदासुद्धा जास्तीत जास्त रक्कम घ्याच, असं म्हणत नाही. दूरसंचार लहरींच्या वाटपाच्या टूजी प्रकरणानंतर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नैसर्गिक साधनसंपत्ती देताना लिलाव हीच एकमेव घटनात्मक पद्धत नाही. लोकहित साधायचं आहे. त्याही आधी, डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचलात बियास नदीकाठच्या एका मोटेलला दिलेला वनजमिनीचा पट्टा याच न्यायालयाने रद्द केला आणि समुद्रकिनारा, वाहतं पाणी, वनं यांचं सरकार विश्वस्त आहे, असं सांगितलं. विश्वस्ताला भाव घेता येतो, पण कुणासाठी सांभाळतो आहोत हे विसरता येत नाही. आणि ज्या वहिवाटीला आपण कागदावर निरंक म्हणतो ती कायद्यापुढे निरंक नसते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार सरकारी जमिनीवर ३० वर्षं उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड वापरलेली वाट हा सुविधाधिकार होऊ शकतो. मी जी पायवाट लिहिली नाही ती ३० वर्षांपेक्षा कितीतरी जुनी होती.

आता तुमच्या कागदाकडे येतो. मी निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या जमिनींच्या काही निविदा शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. पुतण्या संगणकावर काढून देतो. तो गोव्यात एका हॉटेलात नोकरी करतो, रोज दुचाकीने जातो-येतो. आपल्याच तालुक्यात चांगलं हॉटेल व्हावं असं त्याला मनापासून वाटतं, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. गावातली निम्मी तरुण पोरं त्याच्यासारखी आहेत. म्हणून हे पत्र विकास नको म्हणणाऱ्याचं नाही.

पहिली अडचण पात्रतेची. मागच्या तीन वर्षांची उलाढाल इतके कोटी, अशाच प्रकारच्या प्रकल्पाचा अनुभव, ऐपतीचा दाखला, बयाणा रक्कम. अनेक एकर जमीन एकाच तुकड्यात काढली की या अटी ओघानेच येतात. आणि त्या आल्या की रापणकर संघ, मच्छीमार सोसायटी, बचतगट, चार खोल्यांचं घर पर्यटकांना देणारं जोडपं, यातलं कुणीही तांत्रिक लिफाफ्याच्या, म्हणजे पात्रता तपासण्याच्या टप्प्याच्या, पुढे जात नाही. तारकर्ली-देवबागचं पर्यटन कुणी उभं केलं ते आठवा. खाडी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लोकांनी आपल्याच घरांत निवास-न्याहारी सुरू केली, होड्या फिरवल्या, बुडी मारायला शिकवलं. मोठा पट्टा नव्हता, आणि आज पर्यटक तिथे जातात. २०२० मध्ये शासनाने आठ किनाऱ्यांसाठी बीच शॅकचं धोरण आणलं. तारकर्ली, कुणकेश्वर, गुहागर, आरे-वारे त्यात होते. त्यात स्थानिकांना प्राधान्य होतं आणि परवाना थोड्या वर्षांचा होता. म्हणजे छोटं आणि थोड्या मुदतीचं लिहायला आपल्या खात्याला येतं. मग मोठ्या जागेतला एखादा भाग लहान तुकड्यांत, परवडणाऱ्या बयाण्यावर, तालुक्यातल्या संस्थांसाठी वेगळा का काढता येऊ नये?

दुसरी अडचण मुदतीची. ३० वर्षं, ६० वर्षं, कुठे ९० वर्षं. नव्वद वर्षांत मी, माझा मुलगा आणि माझी नात, सगळे संपतो. भाड्याचा हिशेब एकदा मांडून बघा. समजा भाडं वर्षाला १ लाख आणि ते स्थिर. महागाई सरासरी ६ टक्के धरली तर तिसाव्या वर्षी त्या लाखाची किंमत आजच्या सुमारे १७ हजारांएवढी उरते. दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ लिहिली, जशी बऱ्याच करारांत लिहितात, तरी तीस वर्षांनी हातात आजचे ४५ हजारच येतात. बोलीच्या दिवशी सगळ्यात मोठा दिसलेला आकडा नातवाच्या वेळी निम्म्याहून कमी झालेला असतो. तो आकडा पाहून निवड केली म्हणजे सरकारचा फायदा झाला, असं आपण धरून चालतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते आणि मला ती सगळ्यात जास्त छळते. पट्टा दुसऱ्याला देता येणार नाही, पोटभाड्याने देता येणार नाही, असं करारात लिहिलेलं असतं. पण पट्टा ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचे भाग विकता येतात. सातबाऱ्यावर नाव तेच राहतं, फेरफार होत नाही, तलाठ्याला काही कळत नाही आणि आतला मालक बदललेला असतो. तुम्ही ज्याची उलाढाल तपासली, अनुभव तपासला, तो निघून गेलेला असतो. तसंच कर्जाचं. पट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण पडतो, कर्ज थकलं की बँक ताबा घेते आणि गावाला दिलेला शब्द कुणाकडे मागायचा तेच कळत नाही. कंपनीची मालकी बदलणं म्हणजे हस्तांतरणच, आणि त्याला शासनाची लेखी परवानगी लागेल, हे एक वाक्य कलमात घाला. गहाणखत करताना गावाच्या वहिवाटीच्या अटी बँकेवरही बंधनकारक राहतील, हे दुसरं. एका परिच्छेदाचं काम आहे.

कुंपण आधी आणि काम नंतर, हेही थांबवा. आमच्या त्या जागेला तार लागली ती लागली. बांधकाम कधीच झालं नाही. सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय आणि प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाल्याशिवाय कुंपण नाही, आणि ठरल्या मुदतीत काम झालं नाही तर जागा आपोआप परत, असं लिहा. ‘परत घेता येईल’ असं लिहू नका. ‘येईल’ म्हटलं की फाइल फिरत राहते. शिरोडा-वेळागरची जमीन १९९० च्या दशकात पर्यटनासाठी संपादित झाली आणि तिचा वाद पुढे पंचवीस-तीस वर्षं गावात धुमसत राहिला. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये लोकांनी सत्याग्रह केला होता. ही गावं सरकारशी उगाच भांडणारी नाहीत. पण आपली जमीन कशासाठी गेली हे ती विसरत नाहीत.

किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांबद्दल थोडक्यात. दोन हॉटेलांच्या मध्ये किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा आणि लोकांच्या येण्याजाण्याला अडथळा न होणारं कुंपण, हे त्या अधिसूचनेतच आहे. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसू नये, हेही आहे. निविदेत एवढंच असतं की ‘लागू असलेल्या सर्व नियमांचे पालन करावे’. त्याऐवजी ही वाट नकाशावर रंगाने दाखवा आणि तिची रुंदी लिहा. आमच्याकडे मे महिन्यात विहिरी मचूळ होतात, तेव्हा पाणी कुठून येणार तेही आधीच लिहून घ्या.

माझी मुख्य विनंती मात्र या सगळ्याच्या आधीची आहे. निविदा काढण्यापूर्वी वहिवाटीचं एक परिशिष्ट तयार करा. त्यासाठी पावसाळ्यात जागा बघू नका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनारा रिकामाच दिसणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या, पहाटे या, एकदा उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि एकदा भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत). तलाठी, भूमी अभिलेखचा भूकरमापक, मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस आणि गावातली पाच-सहा जुनी माणसं एकत्र चालू द्या. होडी कुठून उतरते, जाळं कुठे वाळतं, वाट कुठून जाते, पाणी कुठे आहे, ते मोजून नकाशावर घाला, पंचनामा करा. कोण खोटं सांगतो ही भीती असेल, तर मी ३१ वर्षं खोटे दावे ऐकले आहेत. गावात खोटा दावा फार दिवस टिकत नाही, शेजारीच तो खोडून काढतात. टिकतं ते खरं असतं.

मग ते परिशिष्ट आणि कराराचा मराठी मसुदा ग्रामसभेपुढे ठेवा. आमचा किनारा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अशा आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू नाही आणि ठराव तुमच्यावर बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. तरी ठेवा. निविदापूर्व बैठकीत बोलीदार शंका विचारतात आणि त्यांच्यासाठी शुद्धिपत्रक निघतं. गावाच्या शंकेवर शुद्धिपत्रक निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगितलंच आहे. करार झाल्यावर अर्ज केला की व्यापारी गोपनीयता सांगितली जाते. तेव्हा आधीच दाखवा.

अशा अटी घातल्या तर बोली कमी येईल, असं तुमच्यातला कुणी म्हणेल. येईलच. ज्या जागेतून रापण चालते आणि गणपती जातो, त्या जागेची खरी किंमत तेवढीच आहे. वहिवाट लपवून जी जास्त रक्कम मिळते ती बोलीदाराच्या खिशातून येत नाही. दोरीवर जगणाऱ्या माणसांच्या वाट्यातून येते. शिवाय प्रामाणिक बोलीदारही फसतो. आपण जमिनीबरोबर कोर्टकचेरी आणि गावाचं वैर विकत घेतो आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

निवृत्तीनंतर त्या एका सर्व्हे नंबरची वहिवाट मी स्वतः फिरून एका वहीत लिहून काढली आहे. कोण, कुठे, कोणत्या महिन्यात, किती पिढ्यांपासून. सोबत हाताने काढलेला नकाशा आहे. तो मोजणीचा नकाशा नाही, पण पावलं मोजली आहेत. कचेरीत आलेली ती म्हातारी आता नाही. तिच्या सुनेने बरीचशी माहिती सांगितली आणि शेवटी सही केली. त्या पानावर ‘इतर हक्क’ असा रकाना मी आखला आणि तो भरायला दोन पानं लागली.

वही माझ्याकडे आहे. तुम्ही बोलवाल तेव्हा घेऊन येईन. किंवा तुम्हीच या, दसऱ्यानंतर, पहाटे पाचला. मी वाटेवर उभा असेन.

आपला,
एक निवृत्त तलाठी,
वेंगुर्ले तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग